जुन्या सायकली, जुने हब: आमची वाटचाल

आमचं वर्कशॉप काळाचौकीला, चाळीच्या पहिल्या मजल्यावर, राहत्या खोलीत आणि तिच्यापुढच्या गॅलरीत आहे. धंदा बाबांनी सुरू केला. ते गिरणीत फिटर होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि त्यांची नोकरी गेली ती गेलीच. माणूस कानसकामात पक्का, हातात फिटरची नजर, आणि घरात खाणारी तोंडं. शेजारच्या दूधवाल्याच्या सायकलची कॉटर पिन, म्हणजे पायडलचा दांडा (क्रँक) एक्सलवर घट्ट धरणारी पाचर, कुणालाच निघेना, ती बाबांनी गॅलरीत बसून काढून दिली. दुसऱ्या दिवशी त्याने आणखी दोघांना आणलं.

तेव्हाचं गिऱ्हाईक म्हणजे दूधवाले, पाववाले, डबेवाले. सगळ्या काळ्या २८ इंची, रॉड ब्रेकच्या. पुढच्या चाकाला ३२ तारा, मागच्याला ४०. या सायकलींवर आमची चूल पेटली, बहिणीचं लग्न झालं, माझं शिक्षण झालं. त्या वर्षांबद्दल वेगळं सांगण्यासारखं काही नाही.

मी पूर्णवेळ यात उतरलो तो २६ जुलै २००५ नंतर. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, हे सगळ्यांना पाठ आहे. त्या पाण्यात बुडालेल्या सायकलींच्या हबमध्ये, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यात, काय झालं होतं ते आम्ही पाहिलं. वरून पुसून, चेनला तेल सोडून लोकांनी सायकली चालवायला घेतल्या आणि पंधरवड्यात चाकं करकरायला लागली. उघडलं की आत ग्रीसच्या जागी तपकिरी लगदा. छर्रे बाहेर काढले की प्रत्येकावर खड्डे. मागच्या हबला एका बाजूला नऊ, पाव इंची. पुढच्याला ३/१६ चे. सगळे नवे घालायचे. जुन्या-नव्या छर्‍यांची भेसळ करणाऱ्याच्या हातात सायकल देऊ नये, कारण घासलेले छर्रे बारीक झालेले असतात आणि सगळा भार नव्यांवर येऊन कोन (छर्रे ज्यावर फिरतात तो निमुळता नट) फुटतो.

आमच्याकडच्या हत्यारांमध्ये बाबांच्या हातची कॉटर प्रेस सगळ्यात मोलाची. जाड पोलादी सी-आकाराची चौकट, एका टोकाला मोठ्या आट्यांचा बोल्ट, दुसऱ्या टोकाला भोक. क्रँक चौकटीत बसवायचा, बोल्ट पिनच्या आट्यांकडच्या टोकावर टेकवायचा आणि सावकाश पाना फिरवायचा. आधी काहीच होत नाही. मग बंदुकीसारखा एक आवाज येतो आणि पिन अख्खीच्या अख्खी बाहेर. तिचे आटे शाबूत, परत वापरता येते. बाकी सगळीकडे हातोडी चालते. हातोडीचा प्रत्येक घाव आतल्या कप आणि छर्‍यांवर बसतो आणि पिन वाकते ती वेगळीच. ज्यांना घरी करायचं आहे त्यांनी निदान क्रँकच्या खाली जमिनीपर्यंत लोखंडी पाइपाचा टेकू द्यावा आणि रात्रभर तेल मुरू द्यावं. नवी पिन बसवताना नट आवळून ती ओढून घेऊ नका, आटे जातात. आधी ठोकून बसवा, मग नट. चार दिवस सायकल चालवून परत आवळा.

आता मास्तरांबद्दल. दादरच्या शाळेत शिकवायचे, निवृत्त होऊनही बरीच वर्षं झाली. त्यांची रॅले त्यांच्या वडिलांनी घेतलेली. मागच्या चाकात इंग्लंडच्या स्टर्मी-आर्चर कंपनीचा, पोटातच तीन गिअर असलेला एडब्ल्यू हब आणि त्याच्या कवचावर ठसा ‘५४ ९’. म्हणजे सप्टेंबर १९५४. बाबा आणि मास्तर हा हब उघडायला रविवार ठरवून बसायचे. एक्सलवर २० दातांचं स्थिर गिअर, बाहेरच्या कड्याला आतून ६० दाते, मधे चार छोटी चाकं. म्हणूनच तिसऱ्या गिअरला चाक एकतृतीयांश जास्त फिरतं, पहिल्याला पाव भागाने कमी, आणि दुसऱ्याला चेनचं मागचं चक्र आणि चाक थेट जोडलेले. मास्तर दर वेळी हा हिशोब वहीवर मांडून मला समजावायचे. धंद्यात मंदी होती तेव्हा शाळेतल्या निम्म्या शिक्षकांच्या सायकली त्यांनी आमच्याकडे धाडल्या आणि कधी एक रुपया कमी करा म्हणाले नाहीत.

२०२० च्या लॉकडाऊननंतर सायकलींना अचानक भाव आला. त्याच वर्षी ३ जूनला, नेमक्या जागतिक सायकल दिनी, अॅटलासचा साहिबाबादचा कारखाना बंद पडला आणि लोक घाबरून विचारायला लागले की आता पार्ट मिळणार का. काळ्या सायकलींची मापं सगळ्या कंपन्यांची बहुतेक तीच, त्यामुळे मिळत होते आणि मिळतात. पण ही भीती काहींच्या उपयोगी पडली. जवळच्याच मोठ्या रस्त्यावर एक चकाचक दुकान उघडलं. आमच्याकडे तीन वर्षं शिकलेला पोरगा त्यांनी जास्त पगार देऊन नेला. पगारासाठी गेला, त्याला दोष देत नाही. पण दुकानवाल्यांनी गिऱ्हाइकांना सांगायला सुरुवात केली की काळाचौकीला घरात बसून भंगार घासतात, जुन्या हबचे पार्ट जगात कुठेही बनत नाहीत, आमच्याकडे द्या आणि नवं चाक सवलतीत घ्या.

हे धादांत खोटं होतं. स्टर्मी-आर्चरचं नॉटिंगहॅमचं काम २००० साली थांबलं, पण ते तैवानच्या सनरेसने घेतलं आणि तीन गिअरचे हब आजही बनतात. आतले पॉल (दात्यांत अडकणारे छोटे खटके) आणि त्यांच्या केसासारख्या बारीक स्प्रिंगा जुन्यात बसतात. मी स्वतः बसवल्या आहेत. अडचण येते ती एक्सलच्या नटाची, कारण तो १३/३२ इंच, २६ आट्यांचा. नागदेवीची सगळी गल्ली पालथी घातली तरी तयार मिळत नाही, लेथवाल्याकडून करून घ्यावा लागतो. अडचण म्हणायची तर एवढीच.

२०२१ च्या पावसाळ्यात बाबा केईएममध्ये होते. काम बंद ठेवलं. एकामागून एक गिऱ्हाईक त्या दुकानाकडे गेलं, बाबा गेल्यावरही परत आलं नाही. खोलीत साडेतीनशे जुने पार्ट बरण्यांत साफ करून ठेवलेले आणि महिन्याला दोन सायकली. बायकोच्या शिवणकामावर घर चाललं. चोरबाजारातल्या मटन स्ट्रीटचा एक व्यापारी जुने हब साफ करायला द्यायचा, म्हणून हत्यारं विकली नाहीत.

त्याच व्यापाऱ्याने एका दुपारी एक हब आणून टाकला. चिखल पुसला तर ‘५४ ९’. माझा हातच थांबला. डस्ट कॅप उघडून आत पाहिलं. बाबा प्रत्येक उघडलेल्या हबच्या कॅपला आतून सेंटर पंचने दोन ठिपके मारायचे. ठिपके होते. मास्तरांना फोन केला. ते म्हणाले, तुम्ही अडचणीत होतात म्हणून गिअर घसरतो तेवढं तिथे दाखवायला गेलो. हब कायमचा गेला असं सांगून त्यांनी चाक बदललं, आणि पावतीच्या मागे बारीक अक्षरात जुना पार्ट परत मिळणार नाही असं छापलेलं होतं.

हबला काहीही झालेलं नव्हतं. दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरच्या मधे एक मोकळी जागा असते, केबल सैल झाली की पाय तिथे रिकामा फिरतो. गिअर दुसऱ्यावर ठेवायचा, एक्सलच्या नटाच्या खिडकीतून पाहायचं, गिअर ओढणाऱ्या बारीक साखळीच्या दांडीची कड एक्सलच्या टोकाशी समतल आणायची. दोन मिनिटांचं काम. एवढ्यासाठी पासष्ट वर्षांहून जुनं यंत्र एका म्हाताऱ्या माणसाकडून काढून घेतलं आणि कलेक्टरच्या बाजारात विकलं. मला हे आजही माफ करता येत नाही.

व्यापाऱ्याला त्याची किंमत दिली. चार पॉलच्या स्प्रिंगा बदलल्या, ३० नंबरचं तेल घातलं (हबच्या आतल्या गिअरमध्ये ग्रीस भरू नका, पॉल चिकटतात), ४० भोकांच्या नव्या वेस्टवुड रिममध्ये चाक बांधलं आणि आउट काढला, म्हणजे तारा आवळून ते सरळ फिरेल असं केलं. मास्तरांकडून फक्त तारा आणि रिमचे पैसे घेतले. त्यांनी ही गोष्ट दादर-माटुंग्यात प्रत्येक सायकलवाल्याला सांगितली आणि आमचं काम परत सुरू झालं ते त्यांच्यामुळे.

तेव्हापासून निघालेला प्रत्येक पार्ट, वाकडी कॉटर पिनसुद्धा, आम्ही कापडी पिशवीत घालून गिऱ्हाइकाला परत देतो. नको असेल तर त्यांनी तसं लिहून द्यायचं. कुठेही दुरुस्ती करा, पण जुना पार्ट मागून घ्या आणि हबवरचा ठसा सायकल देण्याआधी लिहून ठेवा. ओव्हरहॉलिंगला सध्या तीन आठवडे लागतात. पावसाळ्याआधी हवं असेल तर सायकल एप्रिलमध्ये आणा, मे महिन्यात आम्ही नवं काम घेत नाही.