‘दुसऱ्या’ शब्द फुटतो, हे कळवायचं कुठे?

वाचनालयाच्या दिवाळी अंकाची मांडणी माझ्याकडे असते आणि ती मी मुक्त सॉफ्टवेअरवरच, म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो अशा प्रोग्रॅमवर, करतो. एका लेखाचं शीर्षक होतं ‘दुसऱ्या महायुद्धातले सातारकर’. शीर्षक जरा मोकळं दिसावं म्हणून अक्षरांमधलं अंतर वाढवलं आणि ‘दुसऱ्या’ फुटला. र चं ते आडव्या रेघेसारखं अर्धं रूप गेलं; त्याजागी नुक्त्याचा ऱ, त्याचा पाय मोडलेला, आणि पुढे सुटा या. अंतर शून्यावर आणलं की शब्द पुन्हा जागेवर.

हिंदीत हे रूप सहसा लागत नाही. आपलं मात्र त्यावाचून एक पान चालत नाही. शेतकऱ्यांना, वाऱ्यावर, तऱ्हा, कोऱ्या. शिवाय दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या डोंगरातल्या, स्वयंपाक करतो त्या आचाऱ्याला आणि मठातल्या आचार्याला एकच र चालत नाही. त्यामुळे अंतर शून्य ठेवून अंक छापून टाकावा आणि विसरून जावं, हे मला पटेना. मुक्त सॉफ्टवेअरची खरी ताकदच ही, की दोष दिसला तर बनवणाऱ्यांपर्यंत थेट पोचता येतं. निदान तसं म्हणतात.

प्रोग्रॅमच्या मदत मेनूतच ‘बग कळवा’ असं होतं. ते दाबल्यावर ब्राउझर उघडला आणि समोर लॉगिन आलं. खातं उघडायचं, पासवर्डच्या अटी पुऱ्या करायच्या, ईमेलवर आलेला दुवा स्पॅममधून शोधून काढायचा. इथपर्यंत ठीक. मग सूचना: आधी शोधा, हाच दोष कुणी नोंदवला आहे का. सूचना रास्त आहे, कारण एकच तक्रार पंचवीस जणांनी टाकली तर निस्तरणाऱ्याचा जीव जातो. पण शोधायचं काय? ‘मराठी’ असं इंग्रजीत टाकलं तर मेनूच्या भाषांतरातल्या चुकांच्या नोंदी आल्या. ‘देवनागरी’ टाकलं तर कधीच्या बंद झालेल्या. ‘इंडिक’, ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट’, ‘कॉन्जंक्ट’ असे शब्द टाकत गेलो तेव्हा बंगाली जोडाक्षरांची एक नोंद सापडली. लक्षण हुबेहूब माझंच. ती बंद केलेली होती, कारण तपासणाऱ्याने विचारलेल्या प्रश्नाला नोंदवणाऱ्याने उत्तर दिलं नव्हतं. प्रश्न होता, हे कोणत्या शेपिंग इंजिनवर दिसतं. ज्याला फक्त आपलं अक्षर मोडलेलं दिसतंय, त्याने याचं काय उत्तर द्यावं?

मग फॉर्म. प्रॉडक्ट निवडा, कॉम्पोनंट म्हणजे प्रोग्रॅमचा कोणता भाग ते निवडा, व्हर्जन, ऑपरेटिंग सिस्टिम, हार्डवेअर, गांभीर्य. कॉम्पोनंटच्या यादीत ‘मजकूर’, ‘फॉन्ट’, ‘रेंडरिंग’ आणि ‘लेआउट’ असे चार वेगळे पर्याय होते. माझा दोष त्यांपैकी कशात बसतो हे ठरवायचं तर प्रोग्रॅम आतून कसा बांधलाय ते माहीत हवं. गांभीर्याच्या यादीतही तेच. प्रोग्रॅम कोसळत नाही, फाइल जात नाही, म्हणजे त्यांच्या व्याख्येनुसार माझी तक्रार ‘किरकोळ’. मराठी छापणाऱ्यासाठी ती किरकोळ नाही, पण ते सांगायला यादीत जागा नव्हती.

मजकूर लिहून, पडद्याची चित्रं काढून ‘पाठवा’ दाबलं तर लॉगिनची मुदत संपली होती. सगळं पुसलं गेलं. माझा खरा संताप इथे झाला. इंग्रजीत विचार करून, शब्द जुळवून लिहिणाऱ्या माणसाला वेळ लागतो, आणि नेमका तोच माणूस या मुदतीत सापडतो. पुन्हा सगळं लिहिलं, ते आधी साध्या टेक्स्ट फाइलमध्ये, आणि एकदाचं पाठवलं. पोच म्हणून आलेल्या ईमेलमध्ये शीर्षकातल्या ‘दुसऱ्या’च्या जागी प्रश्नचिन्हांची ओळ होती.

फॉर्ममधला एक भाग मात्र मला मनापासून आवडला. काय केलं, काय दिसलं, काय दिसायला हवं होतं. या तीन चौकटी भरताना माझ्याच डोक्यातला गोंधळ निवळला. नवीन पान, एकच शब्द, अंतर अमुक इतकं, हा फॉन्ट. बाकी सगळं काढून टाकल्यावर दोष एका ओळीच्या फाइलमध्ये मावला.

काही दिवसांनी उत्तर आलं, अगदी सभ्य. दुसऱ्या फॉन्टमध्येही असंच होतं का? मी नोटो सान्स देवनागरीत करून पाहिलं, तिथे अंतर वाढवूनही ‘दुसऱ्या’ शाबूत राहिला. मग निर्णय आला: दोष फॉन्टचा, आमचा नाही. नोंद बंद.

फॉन्टवाल्यांचा ट्रॅकर, म्हणजे दोष नोंदवायची जागा, दुसऱ्या साइटवर. तिथे नवं खातं आणि नवे प्रश्न: अक्षरांचे युनिकोड क्रमांक (संगणकात प्रत्येक चिन्हाला दिलेला ठरावीक क्रमांक) द्या, शक्य असेल तर प्रोग्रॅमला वगळून दोष दाखवा. इथे मला एका प्रोग्रॅमर मैत्रिणीने मदत केली. मराठीतला ऱ्य तीन चिन्हांचा असतो: ०९३१ हा ऱ, ०९४डी हे पाय मोडण्याचं चिन्ह आणि ०९२एफ हा य. इनस्क्रिप्ट या कीबोर्डवर टाइप करणाऱ्यांना शिफ्ट जे, डी आणि तिरपी रेघ या कळा सवयीच्या असतील. ही तीन चिन्हं जोडून पडद्यावर कोणता आकार काढायचा, हे फॉन्टमधले नियम आणि शेपिंग इंजिन मिळून ठरवतात. फायरफॉक्स, क्रोम आणि लिबरऑफिसमध्ये हे काम हार्फबझ करतं. त्याच्याबरोबर ‘एचबी-व्ह्यू’ नावाचं छोटं साधन मिळतं. त्याला फॉन्ट आणि शब्द दिला की चित्र निघतं. तिने सुचवलं, यात ‘लिगा’ बंद करून बघ.

लिगा म्हणजे ऐच्छिक जोडरूपांचे नियम. इंग्रजीत एफ आणि आय चिकटतात, तसल्या सजावटीसाठी. अक्षरांतर वाढवलं की प्रोग्रॅम हे नियम बंद करतात आणि ते योग्यच आहे, कारण मोकळ्या सोडलेल्या अक्षरांत दोनच चिकटलेली वाईट दिसतात. देवनागरीची अर्धी रूपं मात्र सजावट नव्हे, ती लिपीच आहे. त्यांच्यासाठी ‘हाफ’ नावाचा वेगळा, सक्तीचा गट असतो. लिगा बंद करून पाहिलं आणि एचबी-व्ह्यूच्या चित्रातही ‘दुसऱ्या’ तसाच फुटला. फॉन्ट बनवणाऱ्याने ऱ्य चा नियम ऐच्छिक गटात ठेवला होता.

हे चित्र, ते तीन क्रमांक आणि दऱ्या-दर्याचं उदाहरण, एवढंच मी नोंदीत टाकलं. दोन ओळींचं उत्तर आलं, नियम हलवलाय, पुढच्या आवृत्तीत येईल. आणि आला. लिनक्सवर प्रोग्रॅम आणि फॉन्ट ज्या भांडारातून बसवले जातात तिथे जुनीच आवृत्ती राहिली होती, म्हणून नवी फाइल हाताने बसवली आणि शीर्षक हवं तसं लागलं.

मैत्रीण नसती तर माझी नोंदही त्या बंगाली नोंदीशेजारी बंद पडली असती, असं मला वाटतं. ट्रॅकर सांभाळणारे बहुतेक जण फुकट, स्वतःच्या वेळात काम करतात आणि रोज अर्धवट नोंदींचा ढीग उपसतात, हे मी विसरत नाही. पण ही व्यवस्था मुळात कुणासाठी घडली तेही बघायला हवं. १९९८ मध्ये मोझिलाने बगझिला हा आपला ट्रॅकर खुला केला, ते प्रोग्रॅमरांचं आपसातलं काम लावण्याचं साधन होतं, आणि पुढच्या कितीतरी ट्रॅकरांनी त्याच रकान्यांचा कित्ता गिरवला. मोडका ऱ्य पहिल्यांदा दिसतो तो डीटीपी करणाऱ्याला, प्रश्नपत्रिका टाइप करणाऱ्या शिक्षिकेला, ग्रामपंचायतीच्या ऑपरेटरला. प्रोग्रॅमला स्वतःचं व्हर्जन ठाऊक असतं, वापरलेला फॉन्ट ठाऊक असतो. ते त्याने आपण होऊन नोंदीत भरावं. माणसाला त्या तीन चौकटी द्याव्यात, त्या मराठीत भरू द्याव्यात आणि कॉम्पोनंट ठरवायचं काम ज्याला घराचा नकाशा माहीत आहे त्याने करावं.

सध्या माझी दुसरी नोंद चालू आहे. जुन्या लेखांतला ॲ बऱ्याचदा अ आणि चंद्र असा दोन चिन्हांत टाइप केलेला असतो. त्याला स्वतःचा ०९७२ हा क्रमांक २००८ मध्ये, युनिकोड ५.१ मध्ये मिळाला. दोन्ही दिसायला सारखे, पण ‘ॲड.’ शोधलं की जुने सगळे वकील गळतात. या वेळी दोन्ही रूपांची एकेक ओळ असलेली फाइल आणि सगळे क्रमांक पहिल्याच दिवशी जोडले आहेत. तुमच्याकडे असे दोन ॲ मिसळलेले लेख असतील तर शोध कुठे कुठे चुकतो ते पाहून ठेवा. तपासणाऱ्याने आणखी उदाहरणं मागितली आहेत.