आईंची कडक भाकरी

शनिवार, रात्रीचे साडेदहा. सोलापूर, स्टँडजवळचा लॉज.

पुण्याहून इथवर २५० किलोमीटर. त्यातला निम्मा रस्ता ‘कुठे जेवायचं’ याच वादात सरला.

भिगवण आलं तशी नवऱ्याने गाडी हळू केली. उजनीच्या पाण्यातल्या चिलापीच्या, मरळच्या पाट्याच पाट्या. मागच्या सीटवरून आई एवढंच म्हणाल्या, “आज शनिवार.” गाडीने पुन्हा वेग घेतला. याचं तोंड इंदापूरपर्यंत उतरलेलं.

टेंभुर्णीच्या पुढे एका चकचकीत हॉटेलात शिरलो. मोबाइलवर साडेचार तारे होते, शोधलं मीच होतं. पनीरच्या भाजीत साखर, रोटी वातड, आणि बिल बघून तिघंही गप्प. यावर जास्त लिहीत नाही.

मोहोळच्या आसपास दोन्ही बाजूंना ज्वारी उभी होती, कणसं भरत आलेली. नवरा शेतकी कॉलेजचा, त्यामुळे व्याख्यान झालंच. मालदांडी ३५-१ ही नावाजलेली जात याच मोहोळच्या संशोधन केंद्रातली. पाऊस सरल्यावर पेरायची, मग काळ्या जमिनीत मुरलेल्या ओलीवरच ती वाढते. शेजारच्या मंगळवेढ्याच्या ज्वारीला तर २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. आईंवर याचा काडीचा परिणाम नाही. त्या दापोलीकडच्या. त्यांच्या लेखी भाकरी म्हणजे तांदळाची, पांढरी, घडी घालता येईल अशी मऊ.

संध्याकाळी सोलापुरात पोचलो. संक्रांत तोंडावर, त्यामुळे जो तो गड्ड्याच्या यात्रेच्या गप्पा मारतोय. पार्क चौकात चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांपाशी थोडं थांबलो. १२ जानेवारी १९३१ ला फाशी गेलेले चौघे: मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन. आईंनी हात जोडले आणि लगेच विचारलं, “जेवायचं काय?”

या वेळी मोबाइल पर्समध्येच ठेवला. लॉजवरच्या पोऱ्याने एक बोळ सांगितली होती. सहा टेबलांची खानावळ, दारात खडूने लिहिलेली पाटी: बाजार आमटी, भाकरी, शेंगाचटणी. गल्ल्यावरच्या मावशी आत स्वयंपाकघराशी कानडीत, एका गिऱ्हाइकाशी तेलुगूत आणि आमच्याशी मराठीत बोलत होत्या, मध्ये श्वासही न घेता. शेजारच्या टेबलावर दोन पोरं, “काय करूलालास बे?” मला ते ‘बे’ फार आवडलं. पुण्यात कुणी म्हणालं असतं तर भांडण झालं असतं.

ताटं आली. भाकरी पापडासारखी पातळ. आईंनी बोटाने दाबली, कडकन मोडली. मग सगळ्या खानावळीला ऐकू जाईल अशा आवाजात, “शिळी आहे ही!”

मी ताटात तोंड खुपसलं.

मावशी उठून आल्या. रागावल्या बिगावल्या नाहीत. “आजी, शिळी न्हाई, कडक हाय. मुद्दाम केलीय.” पातळ थापायची, तव्यावर भाजायची, मग मंद आचेवर पार कोरडी होऊ द्यायची. त्यातलं पाणी गेलं की ती कित्येक दिवस टिकते, प्रवासात न्यायला बरी. “आमटीत चुरा आन् दोन मिन्टं थांबा.”

आई थांबल्या. चेहऱ्यावर ‘बघू तर खरं’. आमटी तांबडीलाल, वर तेलाचा तवंग, खाली तीन-चार डाळी एकजीव झालेल्या. बाजाराच्या दिवशी करायची म्हणून हे नाव, असं मावशींचं म्हणणं. भाकरीचा चुरा ती आमटी पिऊन फुगला. आईंनी एक घास घेतला, मग दुसरा. तिसऱ्यानंतर वाटी पुढे सरकवली, शब्द न बोलता. शेंगाचटणीही उखळातली, तेल सुटून गोळा होणारी, वर घट्ट दही. घरी मिक्सरमधून मी जे काढते तो नुसता कूट आहे, हे आज कळलं.

मघापासून एकच डोक्यात आहे. मी एकटी असते तर ती भाकरी शिळी समजून बाजूला सारली असती, हसून पैसे दिले असते आणि रात्री अंथरुणात पडल्या पडल्या एक तारा दिला असता. आईंनी तोंडावर सांगितलं, म्हणून तोंडावर उत्तर मिळालं.

निघताना त्यांनी कडक भाकरीचं एक पाकीट घेतलं. “वाटेत लागेल,” म्हणाल्या. नवऱ्याने संधी साधून मावशींना हळूच सावजी मटणाचा पत्ता विचारला. उद्या रविवार. विजापूरला निघायला उशीर होणार, हे आत्ताच लिहून ठेवते.

दिवा मालवलाय, मोबाइलच्या उजेडात हे लिहितेय. पलीकडच्या खाटेवरून पाकिटाची चुरचुर आली. मग थोडा वेळ काही नाही.

कडक्.