इंग्रजी वाक्प्रचारांची पेटी, इंदूर: सख्खे, चुलत आणि तोतये

पेटीत आता २१२ कार्डं झाली आहेत. खजुरी बाजारातून आणलेल्या ए-फोर कार्डशीटचे प्रत्येकी चार तुकडे केले, त्यासाठी ५३ शीट लागले. साधा बुटाचा खोका पुरतो. मागच्या नोंदीत विषयवार मांडणी होती: खाण्याचे, प्राण्यांचे, अवयवांचे. ती मोडली. 'पाय' या एकाच विषयाखाली सहा वाक्प्रचार शेजारी आले की एकाचा अर्थ दुसऱ्याला चिकटतो. आता नात्यावरून तीन गट केले आहेत: सख्खे ६१, चुलत ११८, तोतये ३३.

सख्खा म्हणजे चित्रही तेच आणि अर्थही तोच. नाक मुरडणं आणि 'टर्न अप वन्स नोज' (पुढे 'अ‍ॅट' हवंच), लोणी लावणं आणि 'बटर समवन अप'. 'नक्राश्रू' आणि 'पांढरा हत्ती पोसणं' तर इंग्रजीतूनच मराठीत आलेले, त्यामुळे ते जुळले यात नवल नाही. चुलत म्हणजे अर्थ एक, चित्र वेगळं: बिंग फुटतं तिकडे पिशवीतून मांजर बाहेर येतं. हे दोन्ही गट चार-सहा उजळण्यांत बसतात, त्यांच्यावर फार वेळ घालवू नये.

खरी मेहनत तोतयांवर. पानिपतानंतर भाऊसाहेबांचं रूप घेऊन तोतया उभा राहिला, तसे हे शब्द ओळखीच्या चेहऱ्याने येतात. अर्थ माहीत आहे असं वाटतं, म्हणून कोश उघडलाच जात नाही. इंदुरात तर घरात मराठी, उंबऱ्याबाहेर हिंदी आणि शाळेत इंग्रजी, म्हणजे चकवणारे दोन. कधी मराठी चकवते आणि हिंदी तारते, कधी उलट.

'पुल समवन्स लेग' घ्या. अर्थ थट्टा करणं, खोटंच काही सांगून फिरकी घेणं. मराठीत पाय ओढणं म्हणजे वर चढणाऱ्याला खाली खेचणं. 'माय कलीग्ज आर ऑल्वेज पुलिंग माय लेग' हे वाक्य तक्रार म्हणून लिहिलं, तर इंग्रजी वाचणारा हसतो, कारण त्याला सहकारी गमतीचे वाटतात. इथे हिंदीतलं 'टांग खींचना' उपयोगी पडतं, कारण चेष्टा करणं हा अर्थ त्यात आहे. मराठी अर्थ सांगायचा असेल तर 'ड्रॅग समवन डाउन' वापरावं. मात्र 'ड्रॅग वन्स फीट' त्यात मिसळू नये. तिथे पाय स्वतःचे असतात आणि अर्थ चालढकल करणं असा होतो.

हात धुण्याचं कुटुंब सगळ्यांत अवघड, म्हणून त्याची पाच कार्डं आहेत. इंग्रजीतलं 'वॉश वन्स हँड्स ऑफ समथिंग' बायबलमधल्या पिलात या रोमन सुभेदाराकडून आलं. येशूला मृत्युदंड देताना जमावासमोर पाण्याने हात धुऊन, या रक्ताला मी जबाबदार नाही, असं त्याने जाहीर केलं. मराठीत हात धुतले की वेगळंच घडतं. 'हात धुवून मागे लागणं' म्हणजे पिच्छा न सोडणं, म्हणजे जवळजवळ उलटा अर्थ. 'वाहत्या गंगेत हात धुवून घेणं' म्हणजे संधी साधणं. हिंदीत 'नौकरी से हाथ धो बैठना' म्हणजे नोकरी गमावणं. इथे हिंदीही फसवते: 'ही वॉश्ड हिज हँड्स ऑफ द जॉब' याचा अर्थ त्याची नोकरी गेली असा नाही, त्याने स्वतःहून त्या कामाशी संबंध तोडला असा आहे.

मग मराठीत काय लिहायचं? पहिल्यांदा कार्डावर 'हात झटकणं' लिहिलं होतं, ते आता बदललं आहे. हात झटकण्यात जबाबदारी टाळल्याचा ठपका असतो, म्हणून ते बहुधा दुसऱ्याबद्दल बोलतात. इंग्रजीत माणूस वैतागून स्वतःबद्दलही म्हणतो, 'आय वॉश माय हँड्स ऑफ इट'. तिथे 'मी यातून अंग काढून घेतलं' हेच नेमकं बसतं. 'ऑफ' गाळलं तर वाक्प्रचार उरतच नाही, नुसते हात स्वच्छ होतात. पाचही कार्डांवर तो 'ऑफ' लाल शाईने लिहावा.

बाकीचे तोतये थोडक्यात. 'ईट वन्स वर्ड्स' म्हणजे आपण बोललो ते चुकीचं होतं असं मान्य करावं लागणं. मराठीत शब्द गिळला की तो ओठांवर येऊन आतच राहतो, म्हणजे बोललोच नाही. शब्द फिरवणं आणखी निराळं. ते 'गो बॅक ऑन वन्स वर्ड', आणि तिथे 'वर्ड' एकवचनी. गिळताना 'वर्ड्स', फिरवताना 'वर्ड': हा एका 'स'चा फरक चुकला की बोलणारा कच्चा ठरतो. 'गेट कोल्ड फीट' म्हणजे हातपाय गार पडणं नव्हे. वाईट बातमी ऐकून आपले हातपाय गार पडतात. इंग्रजी पाय गार पडतात ते ठरवलेलं काम करायची वेळ आल्यावर. त्याला मराठीत ऐनवेळी कच खाणं हा शब्द तयार आहे. त्यामुळे अपघाताची बातमी ऐकणाऱ्याला 'कोल्ड फीट' येत नाहीत, लग्नाच्या आदल्या दिवशी मागे सरणाऱ्याला येतात.

चुलतांपैकी दोन जोड्यांवर थांबायला हवं, कारण कोश त्यांना समान म्हणून मोकळे होतात.

'वन्स इन अ ब्लू मून' समोर सगळीकडे 'कपिलाषष्ठीचा योग' दिसतो. अर्थाने चालतं, पण दुर्मीळपणात दोन्हींत मोठं अंतर आहे. एका इंग्रजी महिन्यात दोन पौर्णिमा आल्या तर दुसरीला ब्लू मून म्हणतात. (हा अर्थ १९४६ सालच्या एका अमेरिकी खगोल मासिकातल्या चुकीमुळे रूढ झाला. जुन्या हिशोबात एका ऋतूत चार पौर्णिमा आल्या तर तिसरी ब्लू मून.) १९ वर्षांत २३५ पौर्णिमा आणि महिने २२८, म्हणून सात जादा. आपले अधिकमासही १९ वर्षांत सातच, कारण गणित तेच आहे. २०२३ च्या ऑगस्टमध्ये दोन पौर्णिमा आल्या, त्याच वर्षी अधिक श्रावण होता. म्हणजे ब्लू मूनचं खरं भावंड तेरावा महिना. कपिलाषष्ठीला भाद्रपद वद्य षष्ठी, मंगळवार, रोहिणी नक्षत्र आणि व्यतिपात योग एकत्र यावे लागतात, तो योग कितीतरी विरळा. म्हणून वर्षा-दोन वर्षांनी भेटणाऱ्या मावसभावासाठी 'वन्स इन अ ब्लू मून' शोभतं, आयुष्यात एकदाच आलेल्या संधीसाठी नाही. तिथे 'वन्स इन अ लाइफटाइम' लिहावं.

तेराव्या महिन्याचं नाव निघालंच आहे, तर 'दुष्काळात तेरावा महिना' याची जोडी 'इट नेव्हर रेन्स बट इट पोअर्स' अशी लावली आहे: संकटं एकट्याने येत नाहीत. इथे पाऊस म्हणजे संकट, हे कार्डावर स्पष्ट लिहावं. माळव्यात पावसाची वाट पाहतात, त्यामुळे पहिल्या वाचनात आनंदाची बातमी वाटते.

दुसरी जोडी पानिपत आणि वॉटर्लू (जिथे नेपोलियन शेवटचा हरला). १४ जानेवारी १७६१ आणि १८ जून १८१५. दोन्ही रणांगणं पराभवाची नावं झाली, म्हणून सख्ख्यांत टाकायचा मोह होतो. पण पानिपत होतं ते सगळ्यांचं एकदम: संघाचं पानिपत झालं, पक्षाचं पानिपत झालं. 'मीट वन्स वॉटर्लू' म्हणायला आधी जिंकत आलेला एक कोणीतरी लागतो, आणि त्याला शेवटी भारी पडणारा दुसरा. सतत हरणाऱ्या संघाला वॉटर्लू भेटत नाही. उलट दिशेने मात्र वाट बंद आहे: 'ध चा मा करणं' याला इंग्रजीत जोडी नाही. १७७३ मधला नारायणराव पेशव्यांचा खून त्या एका अक्षरात आहे, तो सांगितल्याशिवाय भाषांतर होत नाही. ते कार्ड कोरं ठेवलं आहे आणि ते तसंच राहावं.

व्याकरणाची एक चाचणी प्रत्येक कार्डाला लावावी: कर्मणी करून पाहणं. 'स्पिल द बीन्स' चं 'द बीन्स वेअर स्पिल्ड' होतं, कारण त्यात बीन्स म्हणजे गुपित आणि सांडणं म्हणजे फोडणं, असा अर्थ शब्दांत वाटला गेला आहे. 'किक द बकेट' (मरणं) चं 'द बकेट वॉज किक्ड' केलं की खरीखुरी बादली लवंडते. मराठीतही बिंग फुटतं आणि फोडलंही जातं, पण 'राम म्हटला गेला' असं कोणी म्हणत नाही. कर्मणी न चालणाऱ्या कार्डाच्या कोपऱ्यात फुली मारावी. बादलीच्या कार्डावर आणखी एक सूचना हवी: हा शब्द थट्टेचा आहे, शोकसंदेशात कधीही नको. तिथे 'पास्ड अवे'.

'रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज' काढून टाकावं असं ठाम मत झालं आहे. छपरावरून कुत्री-मांजरं घसरत, ही त्याची लोकप्रिय कथा निराधार आहे आणि रोजच्या बोलण्यात 'इट्स पोअरिंग' जास्त ऐकू येतं. ते कळलं की पुरे, बोलायची गरज नाही.

उजळणीचे कप्पे पाच: रोज, तिसऱ्या दिवशी, आठवड्याने, पंधरवड्याने, महिन्याने. चुकलं की कार्ड पहिल्या कप्प्यात. पुढच्या बाजूला मराठी प्रसंग लिहावा, उदाहरणार्थ 'रंगपंचमीच्या गेरीत (रंगांच्या मिरवणुकीत) नाचायचं ठरवलं होतं, राजवाड्यापाशी पोचल्यावर कच खाल्ली'. मागे पूर्ण इंग्रजी वाक्य, आणि त्याखाली 'हे नव्हे' असं लिहून तोतया अर्थ. पुढे इंग्रजी आणि मागे अर्थ अशी कार्डं केली तर वाचताना ओळख पटते, पण बोलताना शब्द सुचत नाही. जुनी चाळीस कार्डं याच कारणाने उलटी करून लिहावी लागली.

आठवड्याला नवी आठ कार्डं, त्यांत तोतये दोनच. एका कुटुंबातला दुसरा तोतया पहिला तिसऱ्या कप्प्यात पोचल्यावरच काढायचा. हात धुण्याची पाचही कार्डं एकाच दिवशी उघडली तर पाचही अर्थ एकमेकांत कालवतात.

पुढच्या खेपेला डोळे. 'टर्न अ ब्लाइंड आय' आणि कानाडोळा ही जोडी सख्खी वाटते, पण कानाडोळ्यातला 'काना' म्हणजे काणा, तिरळा. 'अ‍ॅपल ऑफ वन्स आय' मधलं सफरचंद म्हणजे मुळात डोळ्यातली बाहुली. इंग्रजी 'प्युपिल' चं लॅटिन मूळही लहानशी बाहुलीच. त्यासाठी दहा शीट कापून ठेवले आहेत.