आजीच्या जन्मदाखल्यात बापाचं नाव नव्हतं

आजीच्या आईच्या नावावर काजूची छोटी बाग आहे, तिची इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांत वाटणीची कायदेशीर प्रक्रिया, करायची म्हणून वकिलांनी आजीचा जन्मदाखला मागितला, एवढंच निमित्त. आजी 1931 ची, फोंड्याजवळच्या गावातली. डोळे घारे. गावात तिला 'पाकल्याची' म्हणायचे, पाकलो म्हणजे गोरा पोर्तुगीज. तिची आई अशाच एका पोर्तुगीजाच्या घरी कामाला होती, तोच आजीचा बाप, तो पुढे पोर्तुगालला निघून गेला, आणि घरात या विषयावर कोणी तोंड उघडायचं नाही.

तालुक्याच्या ऑफिसात तीन फेऱ्या मारल्या, मग कळलं जुनी पुस्तकं पणजीला आर्काइव्हजमध्ये गेलीत. गोव्यात जन्मनोंदणी सगळ्यांना सक्तीची झाली 1914 पासून, त्यामुळे नोंद असणार याची खात्री होती, पण मी दोन दिवस आडनावाने शोधत बसले. शेवटी शेजारच्या टेबलावरचे एक म्हातारे काका, जुन्या काळात पोर्तुगीज शिकलेले, म्हणाले, "बाय, इंडेक्स पहिल्या नावाने असता, आनी आपला 'श' ते एक्सने लिहायचे." एक्सचं पान काढलं आणि पाच मिनिटांत आजी सापडली. कोणी शोधत असाल तर हे आधी लक्षात ठेवा.

शाई तपकिरी झालेली. काका एकेका शब्दावर बोट ठेवून वाचत होते. 'फिल्या नातुराल', लग्नाशिवाय झालेली मुलगी. 'पाय इंकॉग्नितु', बाप अज्ञात. आईचा व्यवसाय 'दोमेस्तिका', हा शब्द गृहिणीलाही लावायचे आणि घरकामाच्या बाईलाही. मग त्यांनी बोट कडेला नेलं. बापाने नंतर कधी मुलीला कायद्याने आपली म्हटलं असतं तर त्याचा शेरा मार्जिनमध्ये आला असता, त्याला पेर्फिल्यासांव म्हणतात. मार्जिन कोरं होतं. अख्ख्या गावाला माहीत असलेला बाप कागदावर अज्ञात! मला तिथेच रडू आलं.

1510 ला गोवा घेतल्यावर पोर्तुगीज गव्हर्नर आल्बुकेर्कने आपल्या सैनिकांची इथल्या बायकांशी लग्नं लावून दिली, त्यात लढाईत मेलेल्या मुसलमानांच्या बायका-मुली होत्या, आधी बाप्तिस्मा आणि मग लग्न, हे मी वाचलेलं. लोक त्याला संस्कृतींचा मिलाफ वगैरे म्हणतात. त्या बायकांना विचारलं होतं का कोणी? आणि 400 वर्षांनी आजीच्या आईच्या वाट्याला तर लग्नही आलं नाही. मावशी अजून म्हणते त्याचं तिच्यावर प्रेम होतं, कानातले दिले होते सोन्याचे. असेलही, पण ज्याच्या हातून पगार घ्यायचा, ज्याचं सरकार, त्याला नाही म्हणायची सोय त्या पोरीला कितीशी असणार, म्हणून मी तरी तो शब्द वापरत नाही.

बाकी काम पटकन झालं, सर्टिफाइड कॉपी, भाषांतर, वकिलांकडे फाईल. आजीच्या आईचं नाव नोंदीत स्पष्ट होतं आणि आम्हाला तेवढंच लागत होतं.

घरी आल्यावर माझ्या आईने चष्मा लावून आजीच्या आईचं पूर्ण नाव मोठ्याने वाचलं, तिच्या वडिलांच्या नावासकट. घरात तिला सगळे नुसतं म्हातारी म्हणायचे, त्यामुळे आईनेही ते नाव असं पूर्ण कधी ऐकलं नव्हतं. दोनदा वाचलं. मग म्हणाली, "आणखी एक झेरॉक्स काढ गो, देवघराच्या कपाटात ठेवते."