कुंडीखालचा पोवळा

काल संध्याकाळी परसातली मोठी कुंडी सरकवली तर खाली पेन्सिलीपेक्षा बारीक, वीतभर लांबीचा साप. शेजारच्या काकू म्हणाल्या, "अगं वाळा असेल, घे सुपलीत आणि टाक बाहेर." (वाळा म्हणजे गांडुळासारखा दिसणारा बिनविषारी साप.) मी खाली वाकले पण होते, तेवढ्यात काळंभोर डोकं दिसलं आणि शेपटीवरची दोन काळी कडी, तशीच मागे आले. पोवळा होता!

नाग आणि मण्यार ज्या कुळातले त्याच कुळातला हा विषारी साप. वाढून वाढून फूटभर, रंग फिकट तपकिरी, राहतो पालापाचोळ्यात नाहीतर दगडाखाली, त्यामुळे गावात आयुष्य गेलेल्या माणसांनीही तो पाहिलेला नसतो. आणि काकूंना जो वाळा वाटला तो वाळाच याचं मुख्य खाणं आहे, मातीत त्याच्या मागे मागे शिरायचं तर अंग असं दोरीसारखं बारीकच हवं ना.

मी लांबूनच काडीने एक पान बाजूला केलं तर त्याने पळायच्या ऐवजी शेपटीचं वेटोळं करून वर उचललं आणि खालची बाजू आमच्याकडे केली. निळसर राखाडी! पोट मात्र लालसर, अगदी पोवळ्याच्या रंगाचं, नाव त्यावरूनच पडलंय. शत्रूने शेपटीकडे बघावं आणि डोकं वाचावं असा तो डाव असावा, माझं तरी लक्ष शेपटीवरच होतं.

तोंड एवढंसं असल्याने हा चावल्याच्या घटना फारच कमी. पण आपल्याकडचं नेहमीचं अँटीव्हेनम नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषावर बनवलेलं असतं, पोवळ्यासाठी नाही, म्हणून "बारकासा तर आहे" म्हणत कोणी बोटाने उचलायला गेलं की माझ्या पोटात गोळाच येतो. बिनविषारी काळतोंड्याचं पण डोकं काळंच, अंग तपकिरीच, घोळ होतो तो तिथे. शेपटीवर कडी आहेत का ते बघायचं, तेही लांबूनच.

आणि अजून नवीन काही सापडत नाही असं नाही हं, पश्चिम घाटातून याच्याच वंशातली कॅलिओफिस कॅस्टो ही जात थेट २०१२ मध्ये जगासमोर आली!

काकूंना म्हटलं मारायचं नाही, थोडं थांबू. कुंडी परत ठेवलीच नाही. दिवा लावायच्या वेळेला तो हळूच विटांच्या फटीत शिरला, शेवटी ती दोन काळी कडी तेवढी बाहेर होती, मग तीही आत गेली.