फाटक उघडण्याआधीचा रकाना

रेसच्या पहिल्या चारशे मीटरला जो घोडा सगळ्यांच्या पुढे असतो, तो बाकीच्यांपेक्षा कितीतरी जास्त वेळा जिंकतो. माझ्याकडे सल्ल्याला आलेल्या एका काकांच्या वह्यांमधून हे निघालं होतं आणि त्यात खोटं काही नव्हतं. सगळ्या नोंदी मी स्वतः संगणकावर चढवल्या, बेरजा तपासल्या. काका बेस्टच्या हिशेब खात्यातून निवृत्त झालेले, त्यामुळे बेरीज चुकण्याचा प्रश्नच नव्हता.

आकडेवारीच्या विश्लेषणाचं माझं काम लोअर परळला चालतं. तिथून महालक्ष्मीचं रेसकोर्स जवळच. काका आले ते सरळ मुद्द्यावरच. "मॅडम, माझ्याकडे डेटा आहे. पुढून पळणाऱ्या घोड्यावर दर रेसला ठरावीक रक्कम लावायची, एवढंच सूत्र आहे. तुम्ही फक्त बरोबर की चूक ते सांगा." निवृत्तीच्या पैशातला मोठा भाग त्यांनी बाजूला काढून ठेवला होता. मुलाला हे मान्य नव्हतं. त्यानेच त्यांना माझ्याकडे पाठवलं होतं.

वह्या पाहून मी खरोखर थक्क झाले. मुंबईचा सीझन हिवाळ्यात सुरू होऊन एप्रिलपर्यंत चालतो. तेवढे सगळे महिने हा माणूस दुर्बीण घेऊन स्टँडमध्ये बसलेला. प्रत्येक रेसचं अंतर, वर्ग, वजन, जॉकी, भाव (जिंकल्यास रुपयाला किती मिळणार तो), सुरुवातीचा क्रम आणि शेवटचा क्रम. वर्तमानपत्रांतली सकाळच्या ट्रायलची कात्रणंही चिकटवलेली, 'सहाशे मीटर अडतीस सेकंद' अशा थाटाची. इतक्या निगुतीने ठेवलेला डेटा मोठ्या कंपन्यांकडूनही मला क्वचितच मिळतो.

अडचण एका रकान्यात होती. 'सुरुवातीला पुढे कोण' हा रकाना रेस सुटल्यानंतर भरलेला. पैसे मात्र रेस सुटायच्या आधी लावायचे असतात! घोडे सुटतात ते फाटक उघडलं की टोटची, म्हणजे रेसकोर्सवर पैजा घेणारी, खिडकी बंद. चारशे मीटरला कोण पुढे आहे ते दिसेपर्यंत पैज लावायची वेळ निघून गेलेली असते. दहावीच्या निकालाची यादी हातात घेऊन पहिला कोण येणार ते सांगण्यासारखं हे होतं. शिवाय त्या दिवशी जो घोडा तब्येतीने ठणठणीत असतो, तोच बहुधा चपळाईने सुटतो. म्हणजे पुढे असणं हे जिंकण्याचं कारण किती आणि त्या दिवशीच्या तब्येतीचं लक्षण किती, हे त्या रकान्यातून वेगळं काढता येत नाही.

काकांना मी कागदावर हिशेब मांडून दाखवला. समजा, दहा घोड्यांच्या शंभर रेस आहेत आणि प्रत्यक्ष पुढे गेलेला घोडा त्यातल्या पंचवीस जिंकतो. कोण पुढे जाईल हे तुम्ही आधी ओळखायला गेलात आणि चाळीस वेळा बरोबर ठरलात, तर त्यातून दहा विजय. उरलेल्या साठ वेळा तुमचा घोडा पुढे गेलाच नाही. तिथे तो शंभरात पाच या दराने जिंकला, तर आणखी तीन. एकूण तेरा. वहीत दिसणारे पंचवीस खिडकीवर पोचेपर्यंत तेरा होतात. जिंकलेल्या पैजेवर रुपयाला सरासरी जवळपास पावणेआठ रुपये परत मिळाले तर कुठे बरोबरी होते. आणि नेहमी पुढून पळणारा घोडा कोणता हे रिंगमधल्या, म्हणजे रेसकोर्सवर बुकी बसतात तिथल्या, प्रत्येक बुकीला ठाऊक असतं, त्यामुळे त्याचा भाव आधीच उतरलेला असतो.

काका गप्प बसले. मग म्हणाले, "सुप्रीम कोर्टाने 1996 मध्ये सांगितलंय, घोड्यांची रेस हा कौशल्याचा खेळ आहे." बरोबर होतं ते. कौशल्य आहेच, मलाही तसंच वाटतं. अमेरिकेत विल्यम क्विरिन नावाच्या गणिताच्या प्राध्यापकांनी याच प्रश्नावर काम केलं. घोडा आधीच्या रेसमध्ये सुरुवातीच्या टप्प्यावर कितवा होता, यावरून त्यांनी वेगाचे गुण द्यायची पद्धत काढली. त्यांची आकडेवारी काकांच्या वह्यांपेक्षा इथेच वेगळी ठरते. त्यांचे गुण रेसच्या आधी हातात असतात. पण तिथल्या बहुतेक रेस मातीच्या ट्रॅकवर होतात आणि मातीवर पुढच्या घोड्याला जास्त फायदा मिळतो. महालक्ष्मीला हिरवळ आहे. तिथलं सूत्र इथे जसंच्या तसं लावता येत नाही.

मग मी सुचवलं, की रविवारी दोघांनी मैदानावर जायचं आणि पैसे न लावता पाहायचं. प्रत्येक रेसला घोडे पॅडॉकमधून, म्हणजे रेसआधी त्यांना फिरवून दाखवतात त्या जागेतून, बाहेर पडले, की पुढे कोण जाईल ते काकांनी वेळ टाकून लिहायचं. तो कागद माझ्याकडे राहील.

तो रविवार माझ्या आजवरच्या कामातला सगळ्यात वेगळा दिवस होता. 1883 सालचं ते मैदान, समोर पसरलेली हिरवळ, मागे गिरण्यांच्या जागी उभे राहिलेले टॉवर. काका पॅडॉकच्या कठड्याला रेलून घोड्यांच्या माना, घाम, कानांची हालचाल न्याहाळत होते. एक घोडा सारखा डोकं झटकत होता. काका म्हणाले, "हा फाटकात राहून जाणार." तो खरंच राहून गेला. ही नजर वह्यांमध्ये कुठेच उतरली नव्हती.

बाराशे मीटरच्या एका रेसमध्ये त्यांच्या यादीतले तीन घोडे एकत्र आले, तिघेही सुरुवातीला झेपावणारे. काकांनी त्यातला एक लिहिला. तो पुढे गेला, अंदाज अचूक ठरला. पण बाकीचे दोघे त्याला मोकळं सोडेनात. तिघांनी वळणापर्यंत एकमेकांचा दम काढला आणि शेवटच्या दोनशे मीटरला मागून एक घोडा आला आणि तिघांनाही सोडून निघून गेला. पुढच्या एका लांब पल्ल्याच्या रेसमध्ये उलट घडलं. पुढून पळणारा एकच घोडा, कुणी आव्हान दिलं नाही, जॉकीने आरामात वेग बेताचा ठेवला आणि शेवटपर्यंत कुणाच्या हाती लागू दिलं नाही. घोडा पुढून पळतो की नाही यापेक्षा त्याच्यासारखे आणखी किती जण त्या रेसमध्ये आहेत, हे महत्त्वाचं ठरत होतं. हे काकांना मनातून माहीत होतं. वहीत मात्र त्याला रकाना नव्हता. तसाच फॉल्स रेलचाही नव्हता. आतलं गवत राखायला कठडा काही मीटर बाहेर सरकवतात, म्हणजे त्या दिवशी घोडे वेगळ्याच पट्ट्यावरून धावतात. हे रेसच्या निकालासोबत छापून येतं, पण काकांनी ते कधी उतरवलं नव्हतं.

संध्याकाळी कागद जुळवले. काकांचे अंदाज नशिबाच्या बरेच वर होते, पण वहीतल्या रकान्याच्या बरेच खाली. एका दिवसावरून ठाम काही बोलता येत नाही, आणि मी बोललेही नाही.

कराचं मात्र ठामपणे सांगितलं. 22 सप्टेंबर 2025 पासून रेसच्या पैजेवर 40 टक्के जीएसटी आहे, तोही नफ्यावर नव्हे, लावलेल्या पूर्ण रकमेवर. जिंकलेल्या रकमेवर 30 टक्के आयकर वेगळा, आणि हरलेले पैसे त्यातून वजा करता येत नाहीत. एवढं भरून वर काही उरावं यासाठी अंदाज किती सरस लागतील, ते त्याच कागदावर काढून दाखवलं. काकांनी आकडा पाहिला, चष्मा काढला आणि पुन्हा लावून पाहिला. म्हणाले, "हे मुलाला दाखवू नका, मीच सांगतो."

आता ते दर गुरुवारी-रविवारी नवी वही घेऊन जातात. पहिला रकाना फाटक उघडण्याआधीचा, दुसरा पुढून पळणाऱ्यांच्या संख्येचा, तिसरा कठड्याचा. रेस सुटण्याआधी पानाचा फोटो मला मोबाइलवर येतो. पैसे पोस्टातच आहेत. एप्रिलमध्ये सीझन संपला की आम्ही दोघं बसून ती वही मोजणार आहोत.