३०० केबीतली तांबट आळी

पुण्याच्या पेठांमधले बोळ फोटोला सोपे वाटतात. दोन्ही बाजूंना भिंती, वर फटीएवढं आकाश, एखादी टेकवलेली सायकल, झालं चित्र. पण फाइल हलकी ठेवायची म्हटलं की यांच्याइतका हट्टी विषय नाही. ताम्हिणीतलं धुकं दीडदोनशे केबीत निमूट मावतं. तेवढ्याच पिक्सेलचा कसबा पेठेतला बोळ त्याच्या तिप्पट जागा मागतो आणि वर कुरकुरतो.

यात दोष बोळाचा नाही, जेपेगच्या, म्हणजे फोटो दाबून साठवायच्या नेहमीच्या पद्धतीच्या, हिशेबाचा आहे. चित्राचे आठ बाय आठ पिक्सेलचे चौकोन पाडायचे, प्रत्येक चौकोनातला उजेड-अंधार ६४ लहरींत मांडायचा, ठळक चढउतारापासून अगदी बारीक थरथरीपर्यंत, आणि मग बारीक लहरींवर कात्री चालवायची, कारण डोळ्याला त्यांचं फारसं सोयरसुतक नसतं. लहरींची ही युक्ती मूळच्या बंगळूरच्या नासिर अहमद यांची. दोन सहकाऱ्यांबरोबर ती त्यांनी १९७४ साली प्रसिद्ध केली. त्याआधी कल्पना फारच साधी दिसते म्हणून अमेरिकेत त्यांना अनुदान नाकारलं होतं. आज त्या साध्या कल्पनेवाचून कुणाच्या फोनमधला अल्बम उघडत नाही.

साधा मोकळा भाग असला की बहुतेक लहरी शून्य होतात आणि शून्याला जागा लागत नाही. जुन्या बोळात मोकळा भाग असतो कुठे? चुन्याचे पोपडे, विटांच्या सांधी, कौलांच्या कडा, खिडकीचे गज, मीटरचे बोर्ड, या गच्चीतून त्या गच्चीत गेलेल्या केबलच्या वायरी. जेपेगला जे फालतू वाटतं, नेमकं तेच टिपायला आपण गेलेलो असतो.

त्यात बोळात उजेड कमी. फोन आपणहून आयएसओ, म्हणजे उजेडाची संवेदनशीलता, चढवतो आणि फोटोत रवाळ दाणे येतात. हे दाणेही बारीक लहरीच. चुन्याचा खरखरीतपणा कुठला आणि सेन्सरचा कचरा कुठला, हे जेपेगला कळत नाही. दोघांनाही सारखी जागा वाढून मोकळं होतं. म्हणून फाइल हलकी करायचं काम संगणकावर सुरू होत नाही, ते बोळातच सुरू होतं. मी फोन दरवाजाच्या चौकटीला नाहीतर ओट्याच्या कडेला टेकवते, आयएसओ हाताने खाली आणते, शटर सावकाश पडू देते. आणि सावलीला सावलीच राहू देते. हल्लीच्या फोनना प्रत्येक कोनाडा उजळायची फार हौस. उजळलेल्या कोनाड्यात दाण्यांखेरीज काही निघत नाही. काळा काळोख जवळपास फुकटात साठतो.

फोन टेकवून असं थांबलं, की मागून प्रश्न येतोच. ‘‘ताई, कॉर्पोरेशनच्या का?’’ नाही म्हटलं की पुढचा, ‘‘मग बिल्डरकडून?’’ सहज फोटो काढतेय, हे उत्तर पेठेत कुणालाही पटत नाही.

तांबट आळीत खरी परीक्षा असते. तांब्याच्या घंगाळावर मठारकाम केलेलं असतं, म्हणजे हातोडीचे एकाशेजारी एक ठोके. जवळून पाहिलं तर प्रत्येक ठोक्याची इवली वाटी असते, तिच्या एका काठावर उजेडाचा बिंदू आणि दुसऱ्या काठावर सावली. पूर्ण आकाराच्या फोटोत हे देखणं दिसतं. फोटो १६०० पिक्सेलवर आणला की दोन-तीन ठोके एका पिक्सेलच्या आसपास येतात आणि घंगाळाला नुसती खाज सुटल्यासारखी दिसते. यावर सॉफ्टवेअरमध्ये मला तरी उपाय सापडलेला नाही. दोन पावलं पुढे जायचं आणि अख्ख्या दुकानाऐवजी एकच घंगाळ चौकटीत घ्यायचं. ठोके मोठे झाले की जेपेगही त्यांना मान देतो.

रंगाची काटकसर तर आणखी कडक. बऱ्याचदा चार पिक्सेलना मिळून एकच रंग साठवला जातो. एरवी ते लक्षात येत नाही, पण निळ्या दारावर लाल रंगात ‘गाडी लावू नये’ असं लिहिलेलं असेल, तर अक्षरांच्या कडा ओघळल्यासारख्या दिसतात. पुण्यात पाटी वाचता न येणं परवडणारं नाही. अशा फोटोपुरती रंगाची काटकसर बंद ठेवावी, थोडं वजन वाढतं ते वाढू द्यावं. कृष्णधवल करून फाइल निम्मी होईल अशी आशा मात्र ठेवू नये. रंगाला आधीच इतकी कमी जागा मिळालेली असते की तो काढून हाती फारसं काही लागत नाही.

बाकीचं थोडक्यात. आधी आकार कमी करावा, कडांना धार (शार्पनिंग) त्यानंतर, आणि हलक्या हाताने, नाहीतर कौलांना आकाशाच्या बाजूने पांढरी किनार येते. जतन करताना विचारली जाणारी गुणवत्ता शंभरात ८०च्या आसपास पुरते. जतन दर वेळी मूळ फाइलवरून करावं, कारण जेपेग उघडून, बदलून पुन्हा जतन केला की दर वेळी थोडी झीज होते.

हे फोटो बहुतेक करून जातात पेठ सोडून कोथरूड-बाणेरला गेलेल्या मंडळींकडे. त्यांना रचना, छायाप्रकाश वगैरेशी देणंघेणं नसतं. फोटो आला की दोन बोटांनी ताणून ते थेट आपला दरवाजा गाठतात आणि तिथली नावाची पाटी अजून आहे का, ते बघतात. म्हणून मी आता दोन फायली पाठवते, एक बोळाची आणि एक त्या चौकटीची जवळून. दोन्ही मिळून पाचएकशे केबी. अशाच एका आजोबांनी पोच म्हणून दुसऱ्या दिवशी गुलाबाचं ‘शुभ सकाळ’ पाठवलं, ते दोन एमबीचं होतं.